वाचकांचे प्रश्न : मैल, १५०० मीटर आणि मधले सेकंद

प्रश्न : माझी १५०० मीटरची वेळ ४ मिनिटे २० सेकंद आहे. त्याच वेगाने हिशेब केला तर मैलाला ४ मिनिटे ३९ सेकंद लागतील असं दिसतं. एवढंच लक्ष्य ठेवू का?

उत्तर : दोन सेकंद जास्त धरा. मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर, म्हणजे १५०० पेक्षा सुमारे ७.३ टक्के लांब. पण अंतर वाढलं की वेग थोडा उतरतोच, त्यामुळे वेळ साधारण ८ टक्क्यांनी वाढते. १५०० च्या वेळेला १.०८ ने गुणा : २६० सेकंदांचे २८०.८, म्हणजे ४ मिनिटे ४०.८ सेकंद. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरुजने १९९८ मध्ये रोमला १५०० मीटर ३:२६.०० मध्ये आणि पुढच्या वर्षी तिथेच मैल ३:४३.१३ मध्ये धावला. गुणोत्तर १.०८३. केनियाच्या फेथ किपयेगोनच्या २०२३ च्या दोन विक्रमांचं (१५०० मीटर ३:४९.११ आणि मैल ४:०७.६४) १.०८१ येतं. तुमचा कल ८०० मीटरकडे असेल तर मैल थोडा जड जाईल. ५००० चा सराव असेल तर थोडा सोपा.

प्रश्न : ४०० मीटरच्या ट्रॅकवर मैलाची चाचणी घ्यायची आहे. चार फेऱ्या पुरतील ना?

उत्तर : नाही. चार फेऱ्या म्हणजे १६००, आणि उरलेले ९.३४ मीटर सुरुवातीलाच द्यावे लागतात. फिनिश लाइनपासून मागे, पहिल्या लेनमध्ये, स्टीलच्या टेपने ९.३४ मीटर मोजून रेघ मारा. प्रमाणित ट्रॅकवर ही जागा सरळ पट्ट्यावर येते, त्यामुळे वळणाचं मोजमाप करावं लागत नाही. पाच-सहा जण एकत्र सुटणार असतील तर मात्र सरळ रेघ चालत नाही. बाहेरच्याला वळणावर जास्त धावावं लागू नये म्हणून तिथे वक्र रेघ लागते.

खरा घोळ होतो तो पहिल्या फेरीत. स्टॉपवॉच धरणारा फिनिश लाइनवर उभा असतो, पण धावणारा तिथे पहिल्यांदा पोहोचतो तेव्हा त्याने ४०० नव्हे, ४०९.३४ मीटर कापलेले असतात. पाच मिनिटांचा मैल धावायचा तर फेरी ७४.६ सेकंदांची, पण घड्याळ पहिल्यांदा ७६.३ दाखवायला हवं. तिथे ७४.६ दिसलं तर सुरुवात अति वेगाची झालीय. उलट, ७६ ऐकून आपण मागे पडलो असं समजून अनेक जण दुसऱ्या फेरीत जोर लावतात आणि तिसरीत ढासळतात. हे आकडे हातावर लिहून घ्या : १:१६.३, २:३०.९, ३:४५.४, ५:००.

पहिली लेन सोडू नका. दुसऱ्या लेनची फेरी ४०७.०४ मीटरची असते. चारही फेऱ्या तिथून घेतल्या तर २८ मीटर जास्त धावणं होतं, या वेगाला सव्वापाच सेकंद. मनगटावरच्या जीपीएस घड्याळाचा आपोआप लॅप (ठरावीक अंतराला वेळ स्वतःहून नोंदवणं) बंद ठेवा. वळणांवर त्याचं अंतर चुकतं. फिनिश लाइन ओलांडताना बटण स्वतः दाबा.

प्रश्न : अमेरिकेतल्या शालेय स्पर्धांचे १६०० मीटरचे निकाल वाचतो. ती वेळ मैलाची मानावी का?

उत्तर : जवळपास, पण तीच नव्हे. १.००५८ ने गुणा. पाच मिनिटांच्या १६०० ला पावणेदोन सेकंद जोडावे लागतात.

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये मैल नाही, तरी त्याचा जागतिक विक्रम का नोंदवतात?

उत्तर : ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून १५०० मीटरच आहे. पण यार्ड मोजणाऱ्या देशांत ट्रॅक ४४० यार्डांचा असे आणि चार फेऱ्या म्हणजे नेमका मैल. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने बाकी सगळ्या यार्डी अंतरांचे जागतिक विक्रम बंद केले, फक्त मैल ठेवला. आमच्या मते ते योग्यच झालं, कारण चार समान फेऱ्यांत शर्यत जशी उघडी दिसते तशी पावणेचार फेऱ्यांच्या १५०० मध्ये दिसत नाही. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर मैल ३:५९.४ मध्ये धावला, चार मिनिटांच्या आत पहिल्यांदाच. त्याच्या फेऱ्या ५७.५, ६०.७, ६२.३ आणि ५८.९ सेकंदांच्या. सगळ्यांत संथ तिसरी. सरावात १२०० मीटर मैलाच्या वेगाने धावून शेवटचे ४०० वेगळे मोजा, तुमचीही तिसरी फेरी किती घसरते ते लगेच कळेल.