फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरला मायबाप कोण?

ताई, तुमच्या सेलूच्या पतसंस्थेत ओपनऑफिसवर कामकाज चालतं. लेखापरीक्षक विचारतात, 'फुकटच्या सॉफ्टवेअरला मायबाप कोण, उद्या बिघडलं तर धरायचं कुणाला?' आणि तुम्हाला संचालक मंडळाच्या बैठकीआधी उत्तर हवंय. शंका रास्त आहे. फक्त फुकट की विकत हे बघू नका. त्यातल्या चुका आज कुणी दुरुस्त करतंय का, ते बघा.

या बाबतीत ओपनऑफिस कमी पडतं. सन या अमेरिकन संगणक कंपनीनं २००० साली त्याचा कोड खुला केला, म्हणजे कुणालाही तो घेऊन बदलता येऊ लागला. २०१० मध्ये सन ही ओरॅकल या दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बऱ्याच जुन्या मंडळींनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था काढून त्याच कोडवरून लिब्रेऑफिस सुरू केलं. ओपनऑफिस २०११ मध्ये अपाची या संस्थेकडे गेलं. तिथं ४.१ ही आवृत्ती २०१४ ला आली, त्यानंतर निव्वळ डागडुजी. वर्डची डॉकएक्स फाइल त्यात उघडते, पण सेव्ह होत नाही.

लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. मधल्या काळात दुरुस्त्या चालूच असतात. आणि हे काम नुसत्या हौशी लोकांवर चालत नाही. कोलाबोरासारख्या कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर त्यात आहेत, फाउंडेशनचीही पगारी माणसं आहेत. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३० हजार संगणक यावर नेण्याचं जाहीर केलं. लेखी जबाबदारीच हवी असेल तर अशा कंपन्यांकडून पैसे देऊन सपोर्ट घेता येतो, हे लेखापरीक्षकांना जरूर सांगा.

पण मराठीतली चूक जर्मनीत बसलेल्या माणसाला आपोआप दिसणार नाही. ती आपणच कळवायला हवी, आणि आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. समजा, नोटिशीची पीडीएफ केली आणि 'दुसऱ्या हप्त्याची' यातला 'ऱ्या' तुटला. तर कोरी फाइल उघडून तेवढीच ओळ टाइप करा. मग दुसरा युनिकोड फॉन्ट लावून बघा. तिथं नीट दिसत असेल तर दोष बहुधा फॉन्टचा. तरीही तुटलं तर हेल्पमधल्या अबाउट खिडकीतून आवृत्तीची माहिती कॉपी करा आणि फाउंडेशनच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवायच्या वेबसाइटवर, ती लहान फाइल, पीडीएफ आणि स्क्रीनशॉट जोडा. वाचणाऱ्याला देवनागरी येत नसते, म्हणून तुटलेल्या अक्षराभोवती लाल गोल करा आणि शेजारी बरोबर अक्षराचं चित्र द्या. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. आधीच्या आवृत्तीत नीट होतं असं आठवत असेल तर ती आवृत्ती हमखास लिहा. जुन्या आवृत्त्या तपासत कोणत्या बदलानं मोडलं इथपर्यंत पोचणारे लोक तिथं आहेत, त्यांचं निम्मं काम यानं होतं. सभासदांची खरी नावं, खाते क्रमांक मात्र त्या फाइलमध्ये चुकूनही ठेवू नका, कारण तिथं टाकलेलं सगळ्या जगाला दिसतं.

तुमच्या संगणकांवर विंडोज ७ असेल तर लिब्रेऑफिसची २५.२ ही शेवटची चालणारी आवृत्ती, २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढला आहे. म्हणजे तिथं दुरुस्त्या येणं थांबतं, हेही बैठकीत मांडा. नवी आवृत्ती आली की लगेच टाकू नका, तिच्या दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्या.

आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथं ऑटोरिकव्हरी (काम आपोआप जपून ठेवण्याची सोय) तीन मिनिटांवर आणा आणि बॅकअप कॉपीची खूणही करा.

लिब्रेऑफिसवर जायचं ठरलं तर ते आधी एकाच संगणकावर टाका. व्याजाचे तक्ते, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेल्या फाइली आणि तुमच्या बँकिंग सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या याद्या तिथं उघडून बेरजा जुळवून घ्या. मार्चअखेरच्या गडबडीत हात घालू नका; एप्रिलमध्ये ताळेबंद झाला की करा.