वाचक विचारतात : उजळाईवाडीचं विमान आणि हवाई दलाचं ‘नेत्र’

प्रश्न (उजळाईवाडी, कोल्हापूर) : आमच्या विमानतळावर स्टार एअरचं एम्ब्रेअर 145 उतरताना पाहिलंय. हवाई दलाचं ‘नेत्र’, म्हणजे आकाशातून रडारने टेहळणी करणारं विमान, ते हेच म्हणे. पाठीवर रडार चढवलं की काम झालं का?

उत्तर : जात एकच, पण रडार चढवणं हा त्यातला सोपा भाग. ‘नेत्र’च्या पाठीवरच्या लांबट पेटीत दोन सपाट अँटेना पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात. प्रत्येक अँटेना आपल्या बाजूचे 120 अंश बघते, त्यामुळे नाकासमोर आणि शेपटीमागे 60-60 अंश आंधळे राहतात. म्हणूनच हे विमान सीमेला समांतर लांबट फेऱ्या मारतं. पेटीमागची हवा घुसळून उभ्या शेपटीवर येते आणि विमान दिशा नीट धरत नाही. त्यावर उपाय म्हणून शेपटीखाली आणि आडव्या शेपटीवर जादा छोटे पंख लावतात. प्रवासी विमानाच्या फोटोशेजारी ‘नेत्र’चा फोटो ठेवा, फरक लगेच दिसेल.

खरी डोकेदुखी वीज आणि उष्णतेची. प्रवासी विमानातले जनरेटर दिवे, वातानुकूलन, खानपान अशा हिशेबाने बसवलेले असतात. रडारची भूक वेगळी. शिवाय रडारने खाल्लेल्या विजेची बरीचशी उष्णताच होते. ब्रिटिशांनी कॉमेट या प्रवासी विमानापासून निघालेल्या निमरॉडवर टेहळणी रडार बसवलं, तेव्हा ही उष्णता टाक्यांमधल्या इंधनात सोडायचं ठरवलं. इंधन संपत आलं की रडार तापणार, हे ओघानंच आलं. इतरही दोष होतेच. 1986 मध्ये प्रकल्प गुंडाळून त्यांनी बोईंग 707 या प्रवासी विमानावर बेतलेलं ई-3 हे अमेरिकी टेहळणी विमान घेतलं. त्याच्या पाठीवर 9.1 मीटर व्यासाची तबकडी असते आणि ती साधारण 10 सेकंदांत एक फेरी पुरी करते, म्हणजे चारही दिशा दिसतात. आपणही अ‍ॅव्रो या जुन्या पंख्याच्या विमानावर अशी तबकडी लावून पाहिली होती. जानेवारी 1999 मध्ये ते अरक्कोणमजवळ कोसळलं, आठ जण गेले आणि काम थांबलं.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी) : जुनी विमानं घेऊन बदलणं स्वस्त पडत असेल ना?

उत्तर : खरेदी स्वस्त पडते, दुरुस्तीचं सांगता येत नाही. निमरॉडचंच पुढचं, समुद्रावर टेहळणी करणारं रूप एमआरए-4. जुने सांगाडे ठेवून नवे पंख बसवायचे होते. पंख संगणकावर आखून अचूक केले. सांगाडे मात्र 1960 च्या दशकातले, हाताने जुळवलेले, एकाचं माप दुसऱ्याशी जुळेना. जिग-फिक्श्चरवर (सुटा भाग ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यांवर) काम करणाऱ्याला पुढचं सांगायला नको. 21 विमानांची मागणी 9 वर आली आणि 2010 मध्ये तीही रद्द झाली. अमेरिकेच्या ई-8 या जमिनीवर नजर ठेवणाऱ्या रडारविमानासाठी वापरलेली 707 घेतली, त्यात गंज काढण्यातच बराच पैसा गेला. आपल्याकडे एअर इंडियाच्या 6 ए-321 प्रवासी विमानांवर ‘नेत्र’ची पुढची पिढी उभी करायला 2021 मध्ये मंजुरी मिळाली. ए-321 एकसारखी बनतात, तेव्हा मापांचा घोळ होऊ नये. पण प्रत्येक विमानाचे उड्डाणतास, गंज आणि जुन्या दुरुस्त्या वेगवेगळ्या तपासाव्याच लागतील.

प्रश्न (पन्हाळा) : त्यापेक्षा रडार गडावर ठेवलं तर?

उत्तर : मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा. रडारचं क्षितिज, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईमुळे जिथवर जमिनीलगतचं दिसतं ते अंतर, किलोमीटरमध्ये मिळेल. पन्हाळा आसपासच्या सपाटीपेक्षा सुमारे 400 मीटर उंच, म्हणजे 82 किलोमीटर. 9,000 मीटरवरचं विमान 390 किलोमीटर बघतं. शिवाय गडाच्या पश्चिमेला सह्याद्री आडवा आहेच.