पूर्वी काय काय जमायचं, ते विचार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

स्मृतिभ्रंश ओळखायच्या चाचणीत तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना 'सगळं ठीक आहे' सांगून पाठवलंस आणि आता झोप लागत नाही, असं लिहिलंयस. उद्या सकाळीच फोन करून त्यांना परत बोलाव.

माझ्याकडेही असेच एक गणिताचे सर आले होते. शंभरातून सात-सात वजा करत न अडखळता पासष्टपर्यंत पोचले. काकू मात्र सांगत होत्या, वीस वर्षं सोसायटीचे हिशेब ठेवणारा हा माणूस आता दूधवाल्याचं बिल दोनदा देतो. मी गुणांकडे पाहिलं, काकूंचं ऐकलंच नाही. दीड वर्षाने सर आले तेव्हा त्यांना शर्टाची बाही सापडत नव्हती.

शिकलेला माणूस मुळात वरच्या पायरीवर उभा असतो, म्हणून चार पायऱ्या उतरला तरी आपल्याला वरच दिसतो. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास २,९०० वृद्धांना वर्षानुवर्षं तपासलं आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. जास्त शिकलेल्यांची सुरुवात वरून होती. पण घसरण कधी वेग घेते आणि किती वेगाने होते, यात शिक्षणाने फरक पडलेला दिसला नाही. म्हणून काल काय जमत होतं आणि आज काय जमत नाही, ते घरच्यांना खोदून खोदून विचार.

न शिकलेल्या आजींच्या बाबतीत तर दुप्पट जप. हातात पेन्सिल देऊन दोन पंचकोन काढा म्हटलं की त्या पदराला हात पुसतात, ओशाळतात. मला ते बघवत नाही. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांसाठी ही चाचणी हिंदीत बेतली, तेव्हा वाक्य लिहायला लावण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा' असं विचारलं गेलं. किती साधं! हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि हा फरक निरक्षरांतही होता. सोलापूरकडची आजी आली, तर बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू यांतलं काय काय बोलायची, हे जरूर विचार.

मुख्याध्यापकांच्या सूनबाईंशी मात्र वेगळ्या खोलीत बोल. मुख्याध्यापकांसमोर त्यांच्या चुका कुणी मोजायच्या नाहीत. बोलणं झालं की मला कळव. रात्री उशीर झाला तरी चालेल.

तुझ्या मॅडम