टीसी४ ची मोजणी, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, २०१७ ला टीसी४ नावाचा लघुग्रह जवळून जाणार होता तेव्हा एका बातमीत ६,८०० किमी आणि दुसरीत पावणेतीन लाख किमी असं होतं. खरं कुठलं?

दोन्ही एकाच अंदाजाची टोकं होती. हा २०१२ टीसी४ हवाईतल्या पॅन-स्टार्स या आकाश चाळणाऱ्या दुर्बिणीला ५ ऑक्टोबर २०१२ ला सापडला, १२ तारखेला साधारण ९५ हजार किमीवरून निघून गेला आणि नंतर इतका अंधुक झाला की कोणालाच दिसेना. हातात नोंदी फक्त सात दिवसांच्या, आणि त्यावरून पाच वर्षांनंतरची जागा सांगायची, म्हणजे एसटी स्टँडमधून वळताना बघितली आणि रात्री ती कुठल्या गावाला मुक्कामी असेल ते सांगा म्हटल्यासारखं. मग २७ जुलै २०१७ ला चिलीतल्या पारानालच्या ८.२ मीटर दुर्बिणीने तो परत पकडला. असल्या वेळी दुर्बीण ताऱ्यांच्या मागे नाही फिरवत, लघुग्रहाच्या अंदाजे वेगानं सरकवतात आणि बरेच फोटो एकावर एक रचतात, त्यामुळे तारे सगळे रेघोट्या होतात आणि मधेच एक बारका ठिपका टिकून राहतो, तोच आपला. त्या ठिपक्यानंतर अंदाज एकदम आवळला : पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ५० हजार किमी. १२ ऑक्टोबरला गेलाही तेवढ्यावरूनच, अंटार्क्टिकाच्या बाजूने.

प्रश्न : जवळ आल्यावर आमच्या आठ इंची दुर्बिणीनं त्याची जागा मोजणं सोपंच ना?

दिसायला सोपं, मोजायला वैताग! तेजाच्या तेराव्या प्रतीपर्यंत उजळला होता (प्रतीचा आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक), म्हणजे साध्या डोळ्यांनी नाहीच, पण आठ इंची आणि कॅमेऱ्यात येईल. पण ५० हजार किमीवरची वस्तू पुण्यातून आणि मुंबईतून ताऱ्यांमधे एकाच जागी दिसत नाही, चंद्राच्या बिंबाच्या पाव भागाएवढा फरक पडू शकतो. तेव्हा नोंदीत स्वतःचे अक्षांश-रेखांश नीट टाका. आणि घड्याळ! सेकंदाला साडेसात किमी वेग म्हटला तर अगदी जवळ असताना एका सेकंदात तो तीसेक विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. मी एकदा दुसऱ्याच एका लघुग्रहाच्या मागे अख्खी रात्र जागलो आणि सकाळी कळलं की लॅपटॉपचं घड्याळच दोन सेकंद मागे, सगळ्या नोंदी कचऱ्यात. आता कॅमेरा चालू करायच्या आधी इंटरनेटवरून वेळ जुळवतो, नंतर चहा.

प्रश्न : टीसी४ हे नाव कोणी ठेवलं?

नाव नाही हो, नंबर प्लेट आहे. टी म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आणि सी४ म्हणजे त्या पंधरवड्यातला १०३ वा. सापडेल तसं ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर देतात, संपली की परत ए पासून, आणि आकडा म्हणजे किती फेऱ्या झाल्या ते. अक्षरांत आय धरत नाहीत, म्हणून एका फेरीत २५ : चार फेऱ्या झाल्या आणि वर तिसरं अक्षर.

प्रश्न : परत येणार का? पडला तर?

२०५० मधे येईल, पण धडकणार नाही. २०१७ ला पृथ्वीच्या ओढीनं त्याची कक्षा बरीच बदलली, त्यामुळे पुढचं गणित त्या वेळच्या अचूक अंतरावर अवलंबून, आणि म्हणूनच जगभरातल्या दुर्बिणी, अमेरिकेतल्या गोल्डस्टोनचं रडार, सगळे एवढ्याशा दगडामागे लागले होते. आकार १० ते १५ मीटर, रशियातल्या चेल्याबिन्स्कवर २०१३ ला फुटला तो सुमारे २० मीटरचा. तिथले बहुतेक जखमी काचा लागून झाले होते, उजेड दिसला म्हणून लोक खिडकीशी गेले आणि धक्का नंतर आला. त्यामुळे आकाशात असलं काही लखलखलं तर आधी खिडकीपासून लांब व्हा, व्हिडिओ नंतर.