व्यवसायोपचार सहाय्यकाचे शिक्षण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहते. यंदा जीवशास्त्र घेऊन विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले. गेल्या वर्षी आमच्या आबांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा नाशिकच्या एका रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताई त्यांच्याकडून शर्ट घालणे, जेवणे, न्हाणीत जाणे यांचा सराव करून घेत असत. तेव्हापासून हेच काम करावे असे मनात आहे. परंतु नीट परीक्षेत मला गुण कमी पडले. आता एका खासगी संस्थेची जाहिरात हाती आली आहे : 'एक वर्षाचा ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट डिप्लोमा, शासनमान्य, नोकरीची हमी.' तिथे प्रवेश घ्यावा का? हा कोर्स करून परदेशात नोकरी मिळते का, असे वडील विचारतात.
– एक विद्यार्थिनी, चोपडा तालुका, जि. जळगाव

उत्तर : जाहिरातीतील संस्थेला तूर्त एक रुपयाही देऊ नका. तुमची इच्छा चांगली आहे आणि ती पूर्ण होण्याचे मार्गही आहेत, पण हा मार्ग त्यांपैकी दिसत नाही.

त्याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) या दोन्ही व्यवसायांसाठी २००२ च्या कायद्यानुसार राज्य परिषद स्थापन झाली असून व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून काम करण्यासाठी पदवी आणि नोंदणी आवश्यक असते. पुढे २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. या कायद्याच्या व्याख्येनुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी लागणारी पदविका किंवा पदवी दोन ते चार वर्षांत विभागलेल्या किमान २००० तासांची असावी लागते. एका वर्षात उरकणारा डिप्लोमा या मोजमापात बसत नाही. ज्या संस्थेची जाहिरात तुम्ही पाहिली तिच्या हेतूविषयी मी काही म्हणत नाही, परंतु तिचे प्रमाणपत्र हाती घेऊन तुम्ही उद्या एखाद्या शासकीय रुग्णालयात गेलात, तर त्या कागदाच्या आधारे तुमची नेमणूक कोणत्या पदावर करायची, हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्यापुढे उभा राहील.

'शासनमान्य' या शब्दाने तर आपल्या भागातील कित्येक पालक फसतात. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते किंवा तिने एखादे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळवलेले असते, आणि तेवढ्यावरच 'शासनमान्य' असे ठळक अक्षरांत छापले जाते. संस्थेची नोंदणी आणि अभ्यासक्रमाची मान्यता यांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून वडिलांना सोबत घेऊन संस्थेत जा आणि प्रमाणपत्र कोणते विद्यापीठ किंवा मंडळ देणार, त्या अभ्यासक्रमाला कोणत्या वैधानिक परिषदेने मान्यता दिली आहे, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात व कोणत्या नोंदणीकृत व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली होणार, याचे उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तरे भरपूर मिळतील. लेखी मागितल्यावर समोरच्या व्यक्तीचा सूर कसा बदलतो, हे लक्षपूर्वक पाहावे.

परदेशाविषयी वडिलांनी विचारले आहे, त्याचे उत्तर असे. 'ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट' हे पद मुख्यतः अमेरिकेतील व्यवस्थेमुळे आपल्याकडे परिचित झाले. तिथे त्यासाठी अधिस्वीकृती मिळालेल्या महाविद्यालयाचा साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात किमान १६ आठवडे पूर्णवेळ प्रात्यक्षिक, त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा आणि शेवटी त्या त्या राज्याचा परवाना असे टप्पे आहेत. भारतातील एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर त्या परीक्षेलाही बसता येत नाही. 'परदेशी संधी' असे जाहिरातीत लिहिले असेल, तर ते वाक्य वाचून संशय वाढायला हवा.

आता मूळ कामाकडे वळू, कारण तुम्ही ते पाहिले असले तरी त्यात कोणाचा वाटा कुठपर्यंत असतो, हे रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून कळत नाही. रुग्णाचे मूल्यमापन करणे, ध्येय ठरवणे आणि उपचारांची आखणी करणे ही तज्ज्ञाची जबाबदारी असते. सहाय्यक ती आखणी रोज प्रत्यक्षात उतरवतो आणि रुग्णात होणारा बदल तज्ज्ञाला कळवतो. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण तज्ज्ञ आठवड्यातून थोडाच वेळ रुग्णापाशी असतो आणि सहाय्यक रोज तासन्‌तास असतो. सहाय्यकाला डोळे नसतील, तर उत्तम आखणीही वाया जाते, असे माझे मत आहे.

आबांच्या शर्टाचेच उदाहरण घेऊ. सदऱ्याची बाही आधी दुबळ्या हातात चढवायची, ती खांद्यापर्यंत ओढून घ्यायची आणि मग चांगला हात दुसऱ्या बाहीत घालायचा. काढताना क्रम उलटा, म्हणजे चांगला हात आधी मोकळा करायचा. हे सांगायला अर्धे मिनिट पुरते, पण रुग्णाला ते सवयीचे होण्यास अनेक आठवडे लागतात. या काळात घरच्या माणसांचा हात सारखा मदतीला धावतो आणि आबांनी स्वतः करायचे ते सूनबाई करून टाकतात. सहाय्यकाने तिथे थांबायला शिकायचे असते : किती मदत केली, केवळ तोंडी सूचना पुरली की हात लावावा लागला, बटणापाशी अडले की बाहीपाशी, हे पाहून त्याच दिवशी नोंदवायचे असते. 'आज प्रगती चांगली' अशी नोंद निरुपयोगी असते. 'डावी बाही स्वतः चढवली, कोपरापाशी एकदा आठवण करून द्यावी लागली, बटणे लावता आली नाहीत' एवढे लिहिले, की तज्ज्ञाला पुढचे पाऊल ठरवता येते.

जेवणाचेही तसेच. आपल्याकडची कळण्याची भाकरी एका हाताने मोडणे निरोगी माणसालाही सोपे नाही. ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालणे, काठ उंच असलेले ताट निवडणे, चमच्याच्या दांडीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून ती जाड करणे असे उपाय घरच्या वस्तूंत बसतात. परंतु रुग्णाला गिळताना ठसका लागत असेल, तर आधी गिळण्याची तपासणी व्हायला हवी. ती होण्यापूर्वी चमच्याची दांडी जाड करत बसणे चुकीचे ठरेल. हा फरक ओळखण्यासाठीच शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे शास्त्र, बालविकासाचे टप्पे आणि मानसशास्त्र शिकावे लागते. आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी : पक्षाघात झालेल्या माणसाला उठवताना दुबळ्या हाताला धरून कधीही ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि ओढल्याने सांधा सरकून कायमचे दुखणे मागे लागू शकते.

आता तुमचे मार्ग. पहिला आणि मला सर्वाधिक योग्य वाटणारा मार्ग म्हणजे व्यवसायोपचाराची पदवी. महाराष्ट्रात या पदवीचा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतो. एम.बी.बी.एस.साठी लागतात तितके गुण तिला लागत नाहीत, म्हणून तुमचे गुण 'कमी' आहेत असे ठरवण्यापूर्वी मागील वर्षांच्या प्रवेश याद्या संकेतस्थळावर पाहाव्यात. मुंबईतील केईएम, सायन व नायर या महापालिका रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. केईएममध्ये ते कमला निंबकर यांनी १९५० मध्ये सुरू केले. भारतातील या व्यवसायाचा उगम तोच मानला जातो. आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) अभ्यासक्रम साडेचार ते पाच वर्षांचा आहे. गावापासून दूर राहावे लागेल, हे खरे. पण २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृह व जेवणाचा खर्च मात्र घरातून करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला व जातीची कागदपत्रे आताच काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीत रांगा लागतात.

दुसरा मार्ग भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यताप्राप्त पदविकांचा आहे. ही परिषद १९९२ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि विशेष शिक्षक, पुनर्वसन कार्यकर्ते अशा व्यावसायिकांची केंद्रीय नोंद ठेवते. व्यवसायोपचारतज्ज्ञ हा व्यवसाय तिच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे तिच्या पदविकेने तुम्ही तज्ज्ञ होणार नाही. परंतु दिव्यांग मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करण्याची आणि नोंदणी क्रमांक मिळण्याची सोय तिथे आहे. बारावीला विज्ञान घेऊन तुम्ही इतकी मेहनत केली आहे, तेव्हा एक वर्ष पुन्हा नीटच्या तयारीला द्यावे, असा माझा कौल आहे. ते शक्य नसेल, तरच दुसऱ्या मार्गाचा विचार करावा.

प्रश्न : माझा मुलगा कला शाखेतून बारावी झाला आहे. सुरतच्या एका रुग्णालयात 'ओटी असिस्टंट' हवे आहेत, असे नातेवाईक सांगतात. अपंग मुलांची सेवा करण्याची त्याला आवड आहे. हे काम व्यवसायोपचार सहाय्यकाचेच का?
– एक पालक, शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : बहुतेक नाही. रुग्णालयांच्या जाहिरातींतील 'ओटी' म्हणजे जवळजवळ नेहमी ऑपरेशन थिएटर, आणि तिथल्या सहाय्यकाचे काम शस्त्रक्रियेची साधने, निर्जंतुकीकरण व शल्यगृहाची तयारी यांचे असते. ते काम मानाचेच आहे, पण मुलाची आवड वेगळी आहे. सुरतेला पाठवण्यापूर्वी फोनवर विचारून खात्री करून घ्या.

त्याच्यासाठी विशेष शिक्षणातील दोन वर्षांची पदविका अधिक योग्य ठरेल. तिला कोणत्याही शाखेतून बारावी चालते आणि ती पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची असते; बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व ही तिची एक शाखा आहे. अशा शिक्षकांना समग्र शिक्षा अभियानात, विशेष शाळांत आणि गंभीर दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या गृहाधारित शिक्षणात काम असते. सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी किंवा भिली बोलता येणाऱ्या शिक्षकाला घरातली माणसे अधिक मोकळेपणाने प्रतिसाद देतात; मुलाला ती भाषा येत असेल, तर अर्जात आवर्जून लिहावे. ज्या केंद्रात प्रवेश घेणार, त्याचे नाव परिषदेच्या चालू वर्षाच्या यादीत आहे की नाही, हे मात्र स्वतः तपासा, कारण मान्यता ठरावीक कालावधीसाठी दिलेली असते.

प्रश्न : मी साक्री तालुक्यात दिव्यांग मुलांच्या शाळेत मदतनीस आहे. वय ३८, शिक्षण दहावी. धुळ्याहून व्यवसायोपचारतज्ज्ञ मॅडम महिन्यातून एकदा येतात आणि काय करायचे ते सांगून जातात. पुढचा महिनाभर ते सगळे मीच करून घेते. मला काही प्रशिक्षण घेता येईल का? आणि तोपर्यंत कोणती काळजी घ्यावी?
– एक मदतनीस, साक्री तालुका, जि. धुळे

उत्तर : ताई, या पानावर ज्या पदाची चर्चा चालली आहे, ते काम तुम्ही पदाशिवाय करतच आहात. दिव्यांग व्यक्तींची काळजी घेणाऱ्यांसाठी काही महिन्यांचे काळजीवाहक प्रशिक्षण असते. ते कुठे व कधी होणार, याची चौकशी जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात करावी आणि अर्जासोबत मुख्याध्यापकांचे अनुभवपत्र जोडावे.

मॅडम येतील त्या दिवशी केवळ ऐकू नका. त्यांच्यासमोर तुम्ही करून दाखवा आणि त्यांना चुका काढू द्या. प्रत्येक मुलासाठी वहीचे वेगळे पान ठेवा. बैठक, खाणे आणि स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारी पट्टी) या तीन बाबतींत चूक झाली तर मुलाला इजा होते, म्हणून त्यांवर अधिक लिहिते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) असलेल्या मुलाला खुर्चीत बसवताना कंबर मागे टेकलेली, कंबर व गुडघे काटकोनात आणि पावले पूर्ण टेकलेली असावीत; पाय अधांतरी राहत असतील, तर खाली पाट किंवा जुन्या वह्यांचा घट्ट बांधलेला गठ्ठा ठेवा. भरवताना मूल आडवे नसावे आणि त्याची मान मागे कललेली नसावी. तुम्ही उभ्याने भरवलेत, की मूल वर पाहते आणि मान आपोआप मागे जाते, त्यामुळे त्याच्यासमोर खाली बसूनच भरवा. वारंवार ठसका, जेवताना आवाज ओलसर होणे किंवा पुन्हा पुन्हा छातीचा ताप येणे दिसल्यास महिना संपण्याची वाट न पाहता पालकांना डॉक्टरांकडे पाठवा. आपल्या जिल्ह्यातील मुलांची तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात, त्यांनाही ते सांगा. हा कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

मॅडमनी सांगितलेल्या व्यायामात स्वतःहून नवा व्यायाम घालू नका आणि ताठ झालेला सांधा जोर लावून सरळ करू नका. स्प्लिंट काढल्यावर त्वचेवर उमटलेला लाल वळ वीस मिनिटांत गेला नाही, तर तो स्प्लिंट पुन्हा घालू नका. वळाचा फोटो काढून मॅडमना पाठवा आणि त्यांचा निरोप येईपर्यंत हात मोकळाच ठेवा.