आजोबांचा काडतुसं भरायचा जुना हातप्रेस ठाण्याच्या घरी माळ्यावर सापडला. साफ करून वापरता येईल का?

साफसफाई सोपी आहे, पण आधी कायदा बघा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मधल्या ‘दारूगोळा’ या व्याख्येत काडतुसं बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे नुसता प्रेस घरात ठेवणं हाही प्रश्नच आहे. आणि काडतुसं बनवायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. बंदुकीच्या परवान्यावर ते चालत नाही. आजोबांची कागदपत्रं शोधा, वकिलाला दाखवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करण्याबद्दल विचारा. कलम २१ मध्ये तशी सोय आहे. सोबत जुनी बंदुकीची दारू किंवा टोप्या, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या छोट्या कॅप, असतील तर हात लावू नका, हलवूही नका, पोलिसांनाच बोलवा.

ठेवायची रीतसर परवानगी मिळालीच, तर बिडाच्या सांगाड्यावरचा गंज रॉकेल आणि बारीक स्टील वूलने काढा. मधल्या दांड्याला, म्हणजे रॅमला, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. तो झिजला की खेळ, म्हणजे ढिलेपणा, येतो आणि मग डायशी, म्हणजे काडतुसाला आकार देणाऱ्या साच्याशी, सरळ रेषा जुळत नाही. जुन्या प्रेसचा खरा जीव तिथेच असतो. लिव्हरच्या पिनांना शिलाई मशीनचं तेल पुरतं. ठाण्याच्या पावसाळ्यात मात्र महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवाच.