नदीतल्या बेटावर राहून कलाकाराला स्वतःची कला आणि शिकवणं, दोन्ही जमतं का?

जमतं. आसामातल्या ब्रह्मपुत्रेच्या पात्रातलं माजुली बेट बघा. तिथल्या सामागुरी सत्रात (सत्र म्हणजे आसामचे संत शंकरदेव यांच्या परंपरेतला वैष्णव मठ) हेमचंद्र गोस्वामी मुखवटे घडवतात आणि शिकवतातही. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काम फार चिकाटीचं आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणायचा, त्यावर चिखलात बुडवलेलं कापड चढवायचं, मग माती आणि शेणाचा लेप. लेप अर्धवट सुकला की बांबूच्या पट्टीने नाक-डोळे कोरायचे आणि शेवटी रंग. 'भाओना' या भक्तिनाट्यात रावण, पूतना, नरसिंह असे अवतरतात. जबडा हलणारे मुखवटे तर बघतच राहावेत!

माझ्या मते शिकवणं इथे कलेपासून वेगळं काढताच येत नाही. मुखवटा चढवून नाचणारी माणसं सत्रातली, गावातलीच. पुढची पिढी तयार झाली नाही तर नाटकच थांबेल. शिवाय नदी दरवर्षी बेटाचे काठ खाते, घरं हलवावी लागतात. अशा ठिकाणी हातातली विद्या दुसऱ्याला देणं किती मोलाचं! 2024 मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. सत्रात मुखवटे बघायला मिळतात, जमलं तर जरूर जा. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरी सुटते.